दुसऱ्याच्या दारावरचं नाव

सगुण कोरगावकराने चाळीस वर्षांत बेचाळीस घरं बांधली. त्यांतल्या एकतीस घरांवर मालकाच्या नावाची पाटी त्याने स्वतः बसवली. पाटी हे गवंड्याचं शेवटचं काम. घर पुरं झालेलं असतं, नारळ फुटलेला असतो, पाहुणे पेढे खात अंगणात उभे असतात, आणि गवंडी तेवढा शिडीवर चढून ओळंबा सोडत असतो. अर्ध्या सुताने पाटी वाकडी लागली तरी ती जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यात खुपते. भिंत कोणी निरखून पाहत नाही, नाव सगळे पाहतात. सगुणची एकही पाटी वाकडी नव्हती.

त्याच्या स्वतःच्या घरावर मात्र पाटी नव्हती.

पेडण्याच्या बाजारापासून दोन मैलांवर, नारळीच्या बागेच्या कडेला ते घर होतं. बाग भाटकाराची. भाटकाराने आपल्या बागेत ज्याला राहायला जागा दिली तो मुंडकार. त्याने बागेची राखण करायची, नारळ पाडायच्या दिवशी हजर राहायचं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहायचं. घर मुंडकाराचं, घराखालची माती भाटकाराची. सगुणचा बाप महादेव मुंडकार, त्याचा बापही मुंडकारच.

गोव्याचं राज्य झालं त्याच्या पुढल्या वर्षी, अठ्ठ्याऐंशी साली, सगुण चोवीस वर्षांचा होता आणि नुकताच मेस्त, म्हणजे मुख्य गवंडी, झाला होता. हाताखाली दोन माणसं होती. मातीच्या भिंती पाडून त्याने घर चिऱ्यांचं केलं, भाटकाराला रीतसर विचारून. काम संपल्यावर थोडं सिमेंट उरलं. त्याची त्याने पाटी ओतली, ओल्यातच खिळ्याने अक्षरं कोरली, महादेव कोरगावकर, आणि दारावर बसवली. बापाला न सांगता. बापाला बरं वाटेल असं त्याच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी कृष्णनाथ भाटकार आले. सोप्यावर बसले, पाणी प्याले. पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "घर बरा दिसता हां, महादेव. पाटी पण बरी." आणि गेले.

तिसऱ्या दिवशी विहिरीच्या वाटेवर काट्यांचं कुंपण पडलं. नारळ पाडायला महादेवला बोलावणं आलं नाही. कोणी भांडलं नाही, कोणी एक शब्द वर केला नाही. संध्याकाळी महादेवने छिन्नी आणि हातोडा सगुणच्या पुढ्यात ठेवला. "काढ ती," एवढंच म्हणाला. सगुणने पाटी काढली, खड्डा बुजवला, गिलावा केला. दोन दिवसांनी काटे गेले.

मुंडकाराला घराखालची जागा मिळवून देणारा कायदा तेव्हाही होता. मामलेदाराकडे अर्ज करायचा. ज्यांनी केले त्यांनी केले, महादेवने केला नाही, आणि बाप गेल्यावर सगुणनेही केला नाही. त्या दिवसांपासून त्याने एक गोष्ट पक्की धरली होती. दुसऱ्याच्या घरावर आपलं नाव लावायचं नाही, आणि ज्याचं घर तो गोड बोलायला लागला तर जास्तच जपून राहायचं.

त्याची मुलगी गौरवी सप्टेंबरात जर्मनीला गेली. बांधकामाची इंजिनियर झाली होती, बांधकामाला लागणाऱ्या मालाचं पुढचं शिक्षण घ्यायला लाइपझिगला निघाली. विमान मोप्याच्या विमानतळावरून होतं. ज्या सड्यावर सगुणने तरुणपणी चिरे काढले होते तिथे आता काचेची दारं आपोआप उघडत होती. तो दारापर्यंत गेला, आत गेला नाही. गौरवीने आतून हात केला. त्याने बाहेरून केला. काचेमुळे नीट दिसलं नाही.

मग फोन सुरू झाले. तिकडे सकाळ असायची तेव्हा इकडे जेवणाची वेळ. कमलाक्षी, सगुणची बायको, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची आणि दोघं जेवत जेवत मुलीची कामं ऐकायची.

पहिल्या आयतवारीच गौरवी उपाशी राहिली.

"बाबा, हंय सगळी दुकाना बंद. एक पण उघडा नाय."

"पोदेर?" सगुणने विचारलं. पेडण्यात रोज सकाळी पोदेर सायकलवर भोंपू वाजवत पाव घेऊन येतो. आयतवार असो, मरण असो.

"पोदेर येना नाय हंय."

"मगे लोक खातत काय?"

"शनिवारी घेवन ठेवतत."

"माणसाक भूक शनिवारी आदीच लागता?" कमलाक्षी म्हणाली. "कसलो तो देश!"

सोमवारी गौरवी बालदी आणायला गेली. बालदी मिळाली, पण तांब्या मिळेना. न्हाताना पाणी अंगावर घ्यायला तिने शेवटी दूध मोजायचं प्लास्टिकचं भांडं घेतलं. त्यावर आकडे होते. मंगळवारी कचरा चुकीच्या डब्यात टाकला म्हणून शेजारणीने बोलावून परत काढायला लावला. डबे चार, रंग चार, आणि चहाची पुडी कुठल्या डब्यात यावर शेजारणींचंही एकमत होईना. बुधवारी ती ट्रामचं तिकीट काढून बसली, पण तिकीट यंत्रात घालून ठसा मारायचा असतो हे कळलं नव्हतं; दंड भरावा लागला.

सगुण सगळं ऐकायचा. बांधकामावर तो दिवसाचं काम लिहून ठेवायचा, तसंच त्याने कालनिर्णयाच्या जुन्या पानांच्या पाठीवर गौरवीची कामं लिहायला सुरुवात केली. झालं त्यावर रेघ. सातवीपर्यंतचं अक्षर, पण ओळी सरळ.

नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद. रेघ.

विमा. रेघ. कार्ड पोस्टाने येणार.

बँकेत खातं. रेघ. कार्ड पोस्टाने येणार.

राहण्याचा परवाना. अर्ज दिला. कधी हजर व्हायचं ती तारीख पोस्टाने येणार.

हे शेवटचं काम सगळ्यांत मोठं होतं. गौरवीचा व्हिसा बावीस डिसेंबरपर्यंतच होता. त्याच्या आत परदेशी माणसांच्या कचेरीत दिल्या तारखेला उभं राहून परवाना घ्यायचा. नाही घेतला तर शिक्षण राहिलं तिथेच, आणि परत. सगुणने त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या.

खोली तिला बरी मिळाली होती. फ्राउ लेमान नावाची अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, एकटीच, तिच्या घरातली एक खोली. फ्राउ म्हणजे बाई, हे सगुणला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर तो तिला फ्राउबाई म्हणत होता. गौरवी तिला लेमानआजी म्हणायची. आजीने पहिल्याच आठवड्यात तिला किल्ल्या दिल्या, आणि एक गोष्ट सांगितली.

"बाबा, खाली दाराक पत्रांच्यो पेटयो आसत," गौरवी म्हणाली. "आजीन माका कागदाचो तुकडो दिल्यान. म्हणता, तुझा नाव लिव आनि पेटयेर माझ्या नावाखाली चिकटय."

सगुणचा घास हातात राहिला.

"तिच्या पेटयेर?"

"होय."

"नको."

"ती आपणच सांगता, बाबा."

"सांगतली. बरी माणसा सांगतत. आपण आपला वळखून रवचा. तुका खोली दिल्यान ता खूप झाला. तिच्या दारार नाव कित्या?"

"मगे पत्रा कशी येतली?"

"पत्रार घराचो नंबर आसता मा? आमच्या दारार खंय नाव आसा? माझ्या जन्मापासून पत्रा येतत."

गौरवीने ऐकलं. शिकली होती खूप, पण वाढली त्याच दाराखाली. काट्यांची गोष्ट तिने लहानपणी शंभरदा ऐकली होती. कागदाचा तुकडा तिने पुस्तकात खूण म्हणून घातला. पुढच्या आठवड्यात लेमानआजी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बहिणीच्या गावी गेली, ती डिसेंबरात येणार होती. पेटीची एक किल्ली गौरवीकडेच होती.

ती रोज पेटी उघडायची. रोज त्यात बाजाराच्या जाहिराती असायच्या, कोंबडीचे आणि सोफ्यांचे फोटो. पत्र नसायचं.

ऑक्टोबर गेला. बँकेत विचारलं, बँक म्हणाली पाठवलं. पुन्हा पाठवतो. पुन्हा पाठवलं. पत्ता बरोबर आहे ना? बरोबर आहे. विम्याच्या कचेरीत विचारलं, पाठवलं. परवान्याच्या कचेरीत फोन लागेना. मेल पाठवला तर उत्तर आलं, तारीख पत्राने कळवण्यात येईल.

"माका काय समजना नाय," गौरवी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यासारखा नव्हता. "सगळे धाडलंव म्हणतत. हंय येना नाय. मगे जाता खंय?"

सगुणलाही समजेना. त्याला न समजणं सहन होत नसे. छप्पर गळत असेल तर पाणी कुठून तरी शिरतंच. भोक सापडेपर्यंत गवंड्याने खाली उतरायचं नाही, असा त्याचा कायदा होता. तो जेवण सोडून भोक शोधायला लागला.

पहिल्यांदा त्याने गौरवीला पेटीच्या तळाचा फोटो काढायला लावला. तळ शाबूत. मग कुलुपाचा. कुलूप ठीक. मग शेजारच्या पाच पेट्यांचा. त्या फोटोत प्रत्येक पेटीवर नाव स्वच्छ दिसत होतं, पण सगुण पाहत होता बिजागरं. मग त्याला वाटलं, पोस्टमनला चहापाणी हवं असेल.

"तेका एकदा चाय विचार."

"बाबा, हंय तसा करूचा नसता."

"चाय विचारूची नसता? मगे माणसाक माणूस वळखतलो कसो?"

शेवटी त्याने चाचणी घ्यायची ठरवली. स्लॅब गळतो कुठे हे कळत नसेल तर वर पाणी भरून ठेवायचं आणि खाली उभं राहायचं.

"तू स्वताकच एक पत्र घाल," तो म्हणाला. "आत काय लिव नको. बगूया पोचता काय."

गौरवीने कोऱ्या कागदाचं पत्र स्वतःच्या नावाने टाकलं. तीन दिवस, चार दिवस, आठ दिवस. पत्र आलं नाही.

सगुणने कालनिर्णयाच्या पाठीवर लिहिलं: चाचणी घेतली. पोस्टाची चूक. मग थांबला. पोस्टाची चूक म्हणावी तर जाहिराती कशा येतात? आणि त्याच घरात वरच्या मजल्यावरच्या माणसाला औषधाचं पुडकं आलेलं गौरवीने डोळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांना येतं आणि एकटीलाच येत नाही, हे कसलं पोस्ट? त्याने लिहिलेलं खोडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कागदावर खाडाखोड झाली.

"पोरगी हडकली," कमलाक्षी म्हणाली. "फोनात पण दिसता. येवंदे परत."

"येवक गेला नाय ता," सगुण म्हणाला. "शिकूक गेला."

"तुमी सांगतास ता बरोबरच आसता मा नेहमी."

ती भांडी उचलून आत गेली. सगुण पंख्याखाली बसून राहिला. पुढ्यात सहा कागद होते, त्यांवर रेघाच रेघा, आणि दोन रेघांची ती ओळ अजून उघडी होती. डिसेंबरची चार तारीख होती. अठरा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी तो पेडण्याच्या पोस्टात गेला. तिथे काय विचारायचं हे त्याचं त्यालाही नीट माहीत नव्हतं. जर्मनीचं पत्र पेडण्याच्या पोस्टात कोण सांगणार? पण पोस्टमन गौरेश ओळखीचा होता, त्याच्या बापाच्या घरावरची पाटी सगुणनेच बसवली होती. पत्र कोणत्या कारणांनी पोचत नाही, एवढं तरी तो सांगेल.

खिडकीपाशी एक माणूस आधीच उभा होता. हातात पिवळं हेल्मेट, पायात सिमेंट लागलेले बूट. सिमेंट ताजं होतं, सकाळचंच. चंदगडकडचा निवृत्ती. मोप्याच्या बाजूला काम चाललं होतं तिथे तो सेंटरिंगला होता.

"अवो साहेब," तो म्हणत होता, "ब्यांक म्हणती कार्ड पाठवलंय. तुमी म्हणताय हितं न्हाई. मग मधल्या मधी गेलं कुठं?"

"हंय इला होता," खिडकीच्या आतून गौरेश म्हणाला. "परत गेला."

"परत? का?"

"तीनदा गेलंय मी. घर गावला. दारार पाटी घरवाल्याची. आत बारा-वीस माणसा. निवृत्ती कोण म्हणान विचारलंय, एकटो म्हणता कामार गेलो, दुसरो म्हणता गावाक गेलो. कार्ड कोणाच्या हातात देव?"

"नंबर तर बरोबर हुता की!"

"नंबर घराचो. पत्र माणसाचा. दारार तुझा नाव लिव, खडून लिव, बस झाला."

निवृत्तीने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

"दारावर नाव कसं लिवू? मालक म्हणंल, खोली बळकावाय लागलाय. बरा माणूस हाय, उगा कशाला मन दुखवायचं?"

सगुण त्याच्या मागे उभा होता. त्याला वाटलं, हे वाक्य आपण कुठे तरी ऐकलंय. मग लक्षात आलं, ऐकलं नव्हतं. बोललो होतो.

निवृत्ती बाजूला झाला तरी सगुण पुढे सरकला नाही.

"काय सगुणदादा? गौरवीचा काय आसा काय?"

"गौरेश," सगुण म्हणाला, "माझ्या दारार खंय नाव आसा? माका कशी पत्रा येतत?"

गौरेश हसला. "तुमका वळखतंय मी. माझ्या आदी माझो बापूस वळखी होतो, तोव पोस्टातच होतो. तुमचा नाव दारार नाय, माझ्या तोंडार आसा. हो काल इलो. हेका कोण वळखता?"

निवृत्ती भिंतीला टेकून दोघांकडे पाहत होता. आपल्याबद्दलच बोलणं चाललंय हे त्याला कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

"आनि परत जाता ता खंय जाता?" सगुणने विचारलं.

"जेणा धाडला तेच्याकडे. खंय जातला? हरवणा नाय काय. थंयच पडान रवता."

सगुण बाहेर आला. बसथांब्यावर उभा राहिला. एक बस आली आणि गेली, तो चढला नाही. भोक सापडलं होतं. छप्पर त्यानेच बांधलेलं होतं, आणि भोकही त्यानेच ठेवलेलं.

पण एक गोष्ट त्याला तरीही जुळवता येईना. तो चुकला असेल, तर बाप चुकला होता काय? काटे तर खरे होते. त्या काट्यांना लांबून वळसा घालून त्याच्या आईने दोन दिवस कमरेवरून पाणी आणलं होतं. ते खरं, आणि गौरेश म्हणतो तेही खरं. एकाच भिंतीला दोन ओळंबे सोडले आणि दोन्ही वेगवेगळे पडले, असं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या बसने तो घरी आला. जेवणाची वेळ टळून गेली होती. फोन त्यानेच लावला. सहसा तो लावत नसे.

"तो तुकडो आसा?" त्याने विचारलं.

"कसलो तुकडो?"

"नावाचो. आजीन दिल्लो."

पलीकडे पुस्तक उघडल्याचा आवाज आला. मग पानांची फडफड आली. "आसा."

"लाव."

"बाबा?"

"नाव लिव आनि पेटयेर लाव. नावाशिवाय पोस्टमन घालणा नाय थंय. तो तुका वळखना नाय."

"पण आजी नाय हंय. तिका इचारल्याशिवाय..."

हे त्याचंच शिकवणं होतं, आणि आता ते त्याच्याच आड आलं.

"तिना आदीच सांगल्यान," सगुण म्हणाला. "सप्टेंबरात सांगल्यान. मी नको म्हटलंय. चूक माझी. तुझी न्हय, पोस्टाची न्हय. माझी. आता लाव, बँकेक आनि विम्याक परत धाडूक सांग, आनि उद्या सकाळी परवान्याच्या कचेरीत जा. पत्र थंय परत गेलेला आसतला. दार उघडायच्या आदी जावन उभी रव."

कमलाक्षी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.  तिने त्याचं जेवण वाढलं, आणि त्याच्या आवडीचा बांगडा जास्तीचा वाढला. सगुणला तो खाल्ला जाईना.

कचेरीत गौरवी तीन तास उभी राहिली. तिच्या नावाची फाइल निघाली. आत तिचं पत्र होतं, न उघडलेलं. पाकिटावर छापील शिक्का होता की या पत्त्यावर या नावाचं कोणी सापडलं नाही. आतली तारीख अठ्ठावीस नोव्हेंबरची. ती उलटून गेली होती. कचेरीतल्या बाईने संगणकात पाहिलं, मान हलवली, पुन्हा पाहिलं. म्हणाली, नवी तारीख देण्याचा प्रयत्न करू.

"मगे कधी?" सगुणने फोनवर विचारलं.

"पत्रान कळयतले म्हणाली."

सगुणने डोळे मिटले. "परत पत्रान?"

"परत पत्रान."

नंतरचे दिवस सगुणने कागदावर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. त्याने हत्यारांची पिशवी काढली. गुडघे गेल्यापासून ती पिशवी तीन वर्षं बंद होती. थापीवरचा गंज काढला, छिन्नीला धार लावली. कामाशिवाय धार लावणारा माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. असा माणूस दिसला असता तर त्याने त्याला कामावरून काढला असता. एक दिवस तो उठून परत पोस्टात गेला, काही काम नसताना. निवृत्तीचं कार्ड आलं काय, असं त्याने गौरेशला विचारलं. आलं नव्हतं. पण नाव लिहिलंय, गौरेश म्हणाला, दारावर नाही, दाराच्या बाजूला, भिंतीवर, कोळशाने. घरवाल्याने काय म्हटलं? घरवाल्याने अजून पाहिलं नाही.

तेरा तारखेला, जेवणं केव्हाच उरकल्यावर, अवेळीच फोन वाजला. गौरवी धापा टाकत होती. जिना चढून आली होती.

"इला! बाबा, इला!"

"काय इला?"

"सगळा! बँकेचा, विम्याचा, आनि कचेरीचा पण. वीस तारीख दिल्यानी. सकाळी नऊ चाळीस."

"पत्र दाखय."

तिने पत्र कॅमेऱ्यापुढे धरलं. सगुणला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्याने वीसचा आकडा पाहिला, आणि वर पत्त्यात तिचं नाव पाहिलं. मग तो उठून बाहेर जाऊन आला. का गेला, ते कमलाक्षीने विचारलं नाही.

वीस तारखेला गौरवी नऊलाच कचेरीत होती. दहा वाजता परवान्याचा कागद हातात पडला. व्हिसाला दोन दिवस बाकी होते.

त्या दिवशी तिने फोन केला तेव्हा कमलाक्षीने शिरा केला होता. गौरवीला तो फोनवरून दाखवून झाला, मग ती म्हणाली, "बाबा, लेमानआजी इली. परवा."

सगुणने चमचा खाली ठेवला.

"पेटी बगल्यान?"

"बगल्यान."

"काय म्हणाली?"

"काय नाय."

"बरा दिसता म्हणाली? नाव बरा लागला, असा काय?"

"नाय ओ बाबा."

"नीट आठय. गोड बोलली?"

"बाबा, ती रागावली."

सगुणने कमलाक्षीकडे पाहिलं. कमलाक्षीने सगुणकडे पाहिलं. शेवटी तेच झालं तर.

"म्हणाली, तीन महिने तू नाव लावंक नाय, कित्या? आनि लायलंस ता पण वाकडा! तिना तो तुकडो काडून टाकल्यान, फूटपट्टी घेतल्यान, काठी टेकून खाली गेली आनि नवीन तुकडो आपल्या हातान लायल्यान. हो बग फोटो."

फोटो आला. वर लेमान. खाली, तेवढ्याच उंचीच्या अक्षरांत, कोरगावकर. सगुणने फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला, मग आडवा केला. दोन्ही नावांच्या डाव्या कडा एका रेषेत होत्या. खालची फट आणि वरची फट सारखी.

त्याला काही समजेना. ज्याची भिंत त्याने आपल्या भिंतीवरून दुसऱ्याचं नाव काढून टाकावं, हे त्याला माहीत होतं. पण काढून, मोजून, सरळ करून परत लावावं? दुखऱ्या गुडघ्याने जिना उतरून? त्याने फोटो मोठा करून कडा पुन्हा तपासल्या.

"बरोबर लायल्यान," शेवटी तो म्हणाला. "बाईक कामाची समज आसा. तिका माझो नमस्कार सांग."

फोन बंद झाला. शिरा निवला होता. कमलाक्षी सोप्यावर जाऊन दाराच्या वर पाहत उभी राहिली. पस्तीस वर्षांपूर्वीचा गिलावा तिथे होता. सगुणने तो इतका नीट केला होता की खड्डा कुठे होता ते दुसऱ्या कोणाला सांगता आलं नसतं. कमलाक्षीला मात्र बरोबर ठाऊक होतं.

"कृष्णनाथ भाटकार मरान धा वर्सा झाली," ती वर पाहतच म्हणाली. "तेंचो पोरगो वास्कोत रवता. नारळ पाडूक पण येना नाय."

सगुणने शिऱ्याची बशी बाजूला सारली.

"तेका फोन तरी करा. इचारा. काटे घालूक वास्कोसून कोण येतलो?"

सगुण उठला. गुडघ्यावर हात ठेवून दारापर्यंत आला आणि तिच्या बाजूला उभा राहून वर पाहू लागला. भिंत सरळ होती. ती असणारच, त्याचीच होती.

"ओळंबो खंय ठेवलंस?" त्याने विचारलं.